मुक्तस्रोत प्रकल्पासाठी इश्यू ट्रॅकर कोणता घ्यावा? नाशिकहून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही चार-पाच जण द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीची नोंदवही ठेवणारं एक छोटं मुक्तस्रोत ॲप सांभाळतो. आतापर्यंत आमचे तीन इश्यू ट्रॅकर झाले. हे कळल्यापासून कॉलेज रोडवरची मुलं, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत नोकरी करून रात्री कोड लिहिणारी मंडळी, आणि सिंहस्थासाठी घाट-पार्किंगचं काहीतरी बनवू पाहणारे गट तेच तेच प्रश्न पाठवतात. तीच उत्तरं पुन्हा पुन्हा टाइप करायचा कंटाळा आला, म्हणून ती इथे एकत्र केली आहेत. एका उत्तरात दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला असेल तर तिकडे जा, तीच गोष्ट दोनदा लिहिलेली नाही.

१. इश्यू ट्रॅकर म्हणजे नक्की काय? आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे की, तो पुरत नाही का?

ट्रॅकर म्हणजे तक्रारींची नोंदवही, आणि त्यातली एकेक तक्रार म्हणजे इश्यू. प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळतो, ती उघडी आहे की मिटली हे दिसतं, आणि कोण काय बोललं ते तिच्याखालीच राहतं. व्हॉट्सॲपवर यातलं काहीच होत नाही. द्राक्षांच्या गोडी छाटणीनंतर डाऊनी या बुरशीरोगाच्या धास्तीनं फवारण्या एकामागून एक सुरू होतात, तेव्हा आमच्या ग्रुपवर ‘कालचं औषध यादीत दिसत नाही’ असा मेसेज येतो. त्याखाली दोघे ‘मलाही’ म्हणतात, मग कुणाच्या तरी मुलाचा वाढदिवस निघतो, चाळीस केक येतात आणि तक्रार वर सरकून जाते. पुढच्या महिन्यात ग्रुपमध्ये आलेल्या माणसाला तर ती दिसतही नाही. तरी ग्रुप बंद करू नका. लोक बोलणार तिथेच. नोंद मात्र ट्रॅकरवर झाली पाहिजे, ती कशी करायची ते प्रश्न ९ मध्ये आहे.

२. आम्ही दोघंच आहोत. एवढ्यातच ट्रॅकर हवा का?

वेगळा बसवायची गरज नाही. कोड जिथे ठेवलाय तिथे इश्यूंचं पान बहुधा फुकट मिळतंच, ते चालू ठेवा आणि कामाला लागा. पोस्टग्रेससारखा जगभर वापरला जाणारा डेटाबेस आजही नेहमीच्या अर्थाच्या ट्रॅकरशिवाय, ईमेल यादीवर बग (चुकांच्या तक्रारी) घेऊन चालतो. पण त्यांच्याकडे वर्षानुवर्षं ती यादी वाचणारी माणसं आहेत. तुमच्याकडे दोघं आहेत, आणि त्यातल्या एकाची परीक्षा जवळ आलेली असते. प्रकल्पाशी संबंध नसलेला तिसरा माणूस पहिली तक्रार घेऊन आला की त्या दिवसापासून क्रमांक द्यायला लागा.

३. मग सरळ गिटहबच का घेऊ नये? सगळे तिथेच आहेत.

गिटहब म्हणजे कोड आणि त्याचे इश्यू ठेवायचं संकेतस्थळ, आणि बहुतेकांनी तेच घ्यावं. आम्हीही शेवटी तिथेच आलो. मदत करायला येणाऱ्या विद्यार्थ्याचं खातं तिथे आधीच असतं, आणि हा एक मुद्दा बाकी सगळ्या सोयींवर भारी पडतो. कमिटच्या (कोडमधल्या नोंदवलेल्या बदलाच्या) संदेशात ‘फिक्सेस’ आणि इश्यूचा क्रमांक लिहिला की बदल मुख्य शाखेत गेल्यावर इश्यू आपोआप मिटतो. पायथन भाषेनं एप्रिल २०२२ मध्ये आपला जुना राउंडअप ट्रॅकर सोडून गिटहब धरलं. प्रोग्रामिंग भाषांची साधनं पुरवणाऱ्या एलएलव्हीएम प्रकल्पानंही २०२१ च्या अखेरीस बगझिला हा जुना ट्रॅकर सोडून गिटहबच घेतलं.

आता दुसरी बाजू. गिटहब स्वतः मुक्तस्रोत नाही, आणि २०१८ पासून ते मायक्रोसॉफ्टच्या मालकीचं आहे. शिवाय डिसेंबर २०१४ मध्ये भारतात ३२ संकेतस्थळं बंद करण्याचा आदेश निघाला होता, त्यात गिटहबही होतं. बंदी लवकरच उठली, पण आपलं सगळं एकाच दुकानात ठेवलं की दुकानाचं शटर कोण खाली ओढेल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून गिटहब घ्या, पण प्रश्न ८ वाचल्याशिवाय घेऊ नका.

४. मुक्त सॉफ्टवेअरचा ट्रॅकरही मुक्तच असायला हवा ना?

तत्त्व म्हणून हो. यावर आमच्यातच दोन तट आहेत आणि मिसळ खाताना हा विषय हमखास निघतो. हा आग्रह खरोखर पाळायचा असेल तर आज रस्ता सोपा आहे. बर्लिनमध्ये नोंदलेली ना-नफा संस्था चालवत असलेलं कोडबर्ग मुक्त प्रकल्पांना जागा देतं. त्यामागचं सॉफ्टवेअर फोर्जेजो, म्हणजे २०२२ मध्ये गिटियापासून फुटलेली शाखा, आणि गिटियाही २०१६ मध्ये गॉग्जपासून फुटलेली. झिग ही प्रोग्रामिंग भाषा नोव्हेंबर २०२५ मध्ये गिटहब सोडून कोडबर्गवर गेली.

आम्ही एक गोष्ट तपासून पाहिली. प्रकल्पात गेल्या वर्षी बाहेरून मदत कुणी केली? नऊपैकी आठ जण विद्यार्थी होते आणि एकाचंही कोडबर्गवर खातं नव्हतं. ‘खातं काढायला दोन मिनिटं लागतात’ हे खरं, पण पहिल्याच मदतीला आलेला मुलगा त्या दोन मिनिटांत परत जातो. तुमची माणसं वेगळी असतील तर उत्तरही वेगळं येईल.

५. बगझिला, रेडमाइन, मँटिस, ट्रॅक ही नावं ऐकतो. ती जुनी झाली ना?

जुनी आहेत, पण मेलेली नाहीत. बगझिला मोझिलाबरोबर १९९८ मध्ये आलं आणि मोझिला आजही तेच वापरते. केडीई या लिनक्स डेस्कटॉपचे आणि लिब्रेऑफिसचे बगही बगझिलावरच जातात. ग्नोम या दुसऱ्या डेस्कटॉपनं मात्र २०१८ मध्ये ते सोडून गिटलॅब (गिटहबसारखंच, पण स्वतःच्या सर्व्हरवरही बसवता येणारं) घेतलं. वर्डप्रेस आणि जँगो या वेबसाइट बनवायच्या साधनांची तिकिटं, म्हणजे इश्यू, ट्रॅकवर आहेत. बगझिलाची खरी ताकद बारीक चाळणीत आहे: कोणत्या आवृत्तीत, कोणत्या भागात, किती गंभीर, कोण कशावर अडलंय. हजारो बग आणि ते चाळायला वेगळी माणसं असतील तर तिची किंमत कळते. पाच जणांच्या गटाला तोच अर्ज तहसील कचेरीतल्या फॉर्मसारखा वाटतो.

रेडमाइन २००६ चं, रुबीवर चालणारं. एका छताखाली अनेक प्रकल्प आणि गँट तक्ता (कामांचं वेळापत्रक दाखवणारा) हवा असेल तर ते आजही चांगलं. मँटिस पीएचपीत आहे, त्यामुळे साध्या, स्वस्त होस्टिंगवरही बसतं. नवा प्रकल्प आज यातल्या कशावर सुरू करावा असं मला वाटत नाही. मात्र आधीच चालू असलेलं रेडमाइन केवळ ‘जुनं दिसतं’ म्हणून उपटूही नका. उपटण्याचा खर्च प्रश्न १७ मध्ये आहे.

६. आमच्या ऑफिसात जिरा नावाचा ट्रॅकर आहे. तोच वापरला तर?

ऑफिसचा जिरा तर नकोच. नोकरी सुटली की प्रकल्पाचा इतिहास ऑफिसातच राहील. स्वतंत्र जिरा मुक्त प्रकल्पांना फुकट मिळू शकतो आणि अपाचे या मुक्तस्रोत संस्थेचे बरेच प्रकल्प त्यावर आहेतही, पण तिथे स्पॅममुळे नव्या माणसाला खातं मागून घ्यावं लागतं. छोट्या गटाला हे परवडत नाही. स्वतःच्या सर्व्हरवर चालणाऱ्या जिरा सर्व्हरचा आधार तर १५ फेब्रुवारी २०२४ लाच संपला.

७. स्वतःच्या सर्व्हरवर चालवला तर? लाईट गेली तर काय?

लाईट जाणारच. आमचा दुसरा ट्रॅकर एका मित्राच्या कार्यालयात, टेबलाखालच्या जुन्या संगणकावर चालायचा. जुलैत एका शुक्रवारी रात्री वीज गेली, यूपीएसनं अर्धा तास धीर दिला आणि मग मान टाकली. वीज आली, पण यंत्र आपोआप सुरू होण्याची सेटिंग आम्ही कधी केलीच नव्हती, आणि किल्ली ज्याच्याकडे तो गावाला. सोमवारपर्यंत ट्रॅकर बंद. तेव्हापासून टेबलाखालचा सर्व्हर हा शब्द आमच्यात शिवी म्हणून वापरतात.

स्वतः चालवायचंच असेल तर भाड्याचा आभासी सर्व्हर घ्या. फोर्जेजो अगदी हलकं आहे, रास्पबेरी पायवरही चालतं. गिटलॅब जड आहे, चार जीबी मेमरीत ते रखडत चालतं, आठ जीबी दिली तर बरं. रेडमाइन आणि मँटिस या दोन्हींच्या मधे.

मेमरीपेक्षा जास्त छळतो तो ईमेल. ट्रॅकर म्हणजे सूचनांच्या मेलचा कारखाना असतो, आणि बहुतेक स्वस्त सर्व्हरवर मेल पाठवायचं २५ क्रमांकाचं पोर्ट बंदच असतं. उघडून घेतलं तरी मेल खरंच आपल्याकडून आलाय हे पटवणाऱ्या एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी नीट नसतील तर मेल स्पॅममध्ये पडतात. मग ‘तुम्ही उत्तरच देत नाही’ अशी तक्रार येते, तीही फोनवर. दुसरा छळ स्पॅम खात्यांचा. नोंदणी उघडी ठेवली की काही आठवड्यांत कर्ज आणि जुगाराच्या जाहिरातींचे इश्यू सुरू होतात. दर महिन्याला आवृत्ती अद्ययावत करणारा माणूस नावानिशी ठरलेला नसेल तर स्वतःच्या सर्व्हरच्या वाटेला जाऊ नका.

८. कोड तर गिटमध्ये आहेच, मग बॅकअप कशाचा घ्यायचा?

इश्यूंचा. गिट म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन. त्याची प्रत प्रत्येकाच्या लॅपटॉपवर असते, इश्यू तिच्यात नसतात. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या एका अभियंत्याकडून रात्री उशिरा चुकीच्या डेटाबेस सर्व्हरवरचा डेटा पुसला गेला. बॅकअपचे अनेक मार्ग होते, वेळेला एकही धड चालला नाही. शेवटी दुसऱ्याच कामासाठी सहा तास आधी घेतलेली प्रत कामी आली. मधल्या सहा तासांतला डेटा गेला, त्याचा फटका सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नव्या खात्यांना बसला. कोडच्या रिपॉझिटरी (कोड ठेवायच्या जागा) मात्र शाबूत राहिल्या, आणि हाच मुद्दा आहे. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर थेट दाखवलं, त्या प्रामाणिकपणाबद्दल मला अजून आदर वाटतो.

आम्ही दर रविवारी सगळे इश्यू आणि प्रतिक्रिया जेसन फाईलमध्ये (संगणकाला वाचता येणाऱ्या साध्या मजकुरात) उतरवून वेगळ्या ठिकाणी ठेवतो. गिटहबच्या एपीआयवर (प्रोग्रामनं माहिती काढायच्या दारावर) वीस-पंचवीस ओळींची स्क्रिप्ट पुरते. इश्यूला चिकटवलेले फोटो त्यात येत नाहीत, फक्त दुवे येतात. ते वेगळे उतरवावे लागतात, हे आम्हाला आठ महिन्यांनी कळलं.

९. तक्रार करणाऱ्याला इंग्रजी येत नाही, गिटहबचं खातं नाही. तो ट्रॅकरवर येणार कसा?

तो येणार नाही. हे एकदा मान्य केलं की निवड सोपी होते. सुरुवातीला आम्ही निफाड-दिंडोरीच्या बागायतदारांना खाती काढून द्यायचा खटाटोप केला. एका काकांनी पासवर्ड विसरल्यावर तिसऱ्यांदा फोन केला आणि म्हणाले, ‘बाळा, मी द्राक्षं पिकवतो, तू हे पिकव.’ बरोबरच होतं त्यांचं.

आता आमच्यात दर आठवड्याला एक जण ‘नोंदकरी’ असतो. ग्रुपवर किंवा फोनवर आलेली तक्रार ट्रॅकरवर लिहायची, आणि क्रमांक परत कळवायचा: ‘काका, तुमचा नंबर २१४.’ या क्रमांकाला फार वजन आहे. लोक नंतर ‘माझ्या २१४ चं काय झालं?’ असं विचारतात, जसं बाजार समितीत पावतीचा नंबर सांगावा तसं. व्हॉइस मेसेज आला तर त्यातलं मूळ वाक्य मराठीतच जसंच्या तसं लिहायचं, खाली आपला अर्थ. ‘प्लॉट गायब झाला’ याचं आम्ही एकदा परस्पर ‘डेटा पुसला गेला’ असं भाषांतर केलं आणि दोन रात्री डेटाबेस तपासत बसलो. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की छाटणीची तारीख बदलल्यावर प्लॉट यादीत खाली जातो.

इश्यूचं शीर्षक इंग्रजीत, मजकूर मराठीत, अशी आमची वाटणी आहे. बाहेरच्या मदतनीसाला शीर्षकावरून अंदाज येतो, आणि मूळ तक्रारही टिकते.

ट्रॅकर निवडताना या दृष्टीनं एकच गोष्ट पाहा: खात्याशिवाय तक्रार घ्यायची सोय आहे का? गिटलॅबमध्ये सर्व्हिस डेस्क आहे. ठरलेल्या पत्त्यावर मेल आला की इश्यू तयार होतो, आणि तो गोपनीय असतो, म्हणून नंतर हातानं उघडा करावा लागतो. डेबियन या लिनक्स प्रणालीचा ट्रॅकर तर पूर्णपणे ईमेलवरच चालतो. गिटहबवर अशी सोय नाही, तिथे नोंदकरी किंवा स्वतःचा वेब फॉर्म लागतो.

१०. मराठीत लिहिलेले इश्यू शोधता येतात का? काही अडचण?

दोन अडचणी येतात, आणि त्या कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात सापडत नाहीत.

पहिली शोधाची. ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द दोन पद्धतींनी टाइप होतो. काही कीबोर्ड ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरतात, काही साध्या ‘र’चा पाय मोडून मध्ये एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला ते दोन वेगळे शब्द असतात. युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकच अक्षर वेगवेगळं लिहिलेलं असेल तर एकसारखं करायची रीत) चालवूनही ते एक होत नाहीत. ‘ॲप’चंही तेच: एक ‘ॲ’ अखंड, दुसरा ‘अ’वर चंद्र दिलेला. म्हणून ट्रॅकर ठरवण्याआधी दोन्ही प्रकारे लिहिलेले दोन इश्यू टाका आणि शोधून पाहा. एकच सापडला तर लेबलांवर भिस्त ठेवा (प्रश्न ११).

दुसरी अडचण नमस्काराच्या हातांची. मायएसक्यूएल डेटाबेसमधली अक्षरं साठवायची जुनी पद्धत ‘यूटीएफ८’ एका अक्षराला तीनच बाइट देते. देवनागरी अक्षर तीन बाइटांत मावतं, त्यामुळे सगळं ठीक चाललंय असं वाटतं. इमोजीला चार लागतात. आमच्या पहिल्या ट्रॅकरच्या डेटाबेसची मांडणी अशीच जुनी होती. ‘नमस्कार’ लिहून पुढे जोडलेल्या हातांचं चिन्ह टाकलं की त्यापुढचा मजकूर कापला जायचा, आणि आमच्याकडे प्रत्येक तक्रार त्या हातांनीच सुरू होते. कित्येक दिवस आम्हाला वाटत होतं की लोक फक्त नमस्कार करायला येतात. मायएसक्यूएल ८.० पासून मूळ सेटिंग ‘यूटीएफ८एमबी४’ आहे. जुन्या डेटाबेसवर मँटिस, रेडमाइन किंवा बगझिला बसवत असाल तर आधी हे तपासा.

११. टेम्पलेटमध्ये (तक्रारीच्या तयार अर्जात) काय विचारावं, आणि लेबलं किती ठेवावीत?

तीन प्रश्न पुरेत: काय करत होता, काय व्हायला हवं होतं, काय झालं. ॲपची आवृत्ती माणसाला विचारू नका, ॲपमध्येच ‘कॉपी करा’ असं बटण द्या. आमच्या पहिल्या अर्जात अकरा रकाने होते. त्यातले सात जणू ‘लागू नाही’ लिहून घ्यायलाच होते.

लेबलं, म्हणजे इश्यूला चिकटवायच्या छोट्या खुणा, आम्ही ३४ वरून सातवर आणली. कुठलं लेबल लावायचं यावर विचार करावा लागत असेल तर ती जास्त झाली. ‘गुड फर्स्ट इश्यू’ हे लेबल मात्र त्याच इंग्रजी नावानं ठेवा, नवखी मुलं नेमकं तेच शोधत येतात.

१२. कॉलेजची मुलं ‘मला असाइन करा’ (हा इश्यू माझ्या नावावर करा) म्हणतात आणि गायब होतात. काय करावं?

राग धरू नका, नियम करा. आमच्याकडे असाइनमेंट दहा दिवसांची. अर्धवट का होईना, काहीतरी दाखवलं तर वाढते, नाहीतर मोकळी होते, आणि कुणाला वाईट वाटून घ्यायचं कारण नाही. ऑक्टोबरात हा लोंढा वाढायचा. २०२० च्या हॅकटोबरफेस्टमध्ये (मुक्तस्रोताला मदत करण्याच्या ऑक्टोबरातल्या उपक्रमात) टीशर्टसाठी फुटकळ पुल रिक्वेस्टचा (बदल स्वीकारा अशा विनंत्यांचा) जगभर इतका सुळसुळाट झाला की आयोजकांना मधेच नियम बदलून, ज्या प्रकल्पांना हवं त्यांनीच सामील व्हावं असं करावं लागलं. आमच्या दुर्दैवानं गोडी छाटणीही ऑक्टोबरातच.

हल्ली नवा प्रकार म्हणजे एआयकडून लिहून घेतलेले इश्यू. भाषा चकचकीत, आणि त्यात उल्लेख केलेलं फंक्शन आपल्या कोडमध्ये नसतंच. कर्ल या मुक्तस्रोत साधनाचे डॅनियल स्टेनबर्ग जानेवारी २०२४ पासून याबद्दल जाहीरपणे लिहीत आहेत, म्हणजे मोठेही सुटलेले नाहीत. ट्रॅकर निवडताना ‘नव्या खात्यांना काही काळ रोखता येतं का’ हे पाहा. गिटहबवर अशी तात्पुरती मर्यादा घालता येते.

१३. जुने इश्यू आपोआप बंद करणारा बॉट लावावा का?

आमचं मत: नाही. गिटहबवरच्या प्रचलित ‘स्टेल’ बॉटची मूळ सेटिंग अशी की ६० दिवस हालचाल नसेल तर शिळा ठरवायचा आणि आणखी ७ दिवसांनी बंद करायचा. आता द्राक्षांची दुसरी, खरड छाटणी एप्रिलमध्ये. त्या वेळी सापडलेला तारखेचा बग पुढच्या एप्रिलपर्यंत कुणाला दिसतच नाही, मग त्यावर हालचाल कशी होणार? बॉटनं तो जूनमध्ये बंद केला आणि पुढच्या वर्षी तोच बग नव्या क्रमांकानं आला. तो नोंदवणाऱ्या भाऊंनी विचारलं, ‘मागच्या साली सांगितलं होतं ना?’ उत्तर नव्हतं. शेती, शाळा, कर, सण, जिथे काम ऋतूनं फिरतं तिथे शांत इश्यू म्हणजे मिटलेला इश्यू नव्हे. महिन्यातून एका संध्याकाळी चहा घेऊन दोघांनी यादी हातानं चाळावी.

१४. ॲप, सर्व्हर आणि भाषांतर अशा तीन रिपॉझिटरी आहेत. इश्यू कुठे घ्यायचे?

बाहेरच्यांसाठी दार एकच ठेवा, बाकी दोन ठिकाणी इश्यू बंद करा किंवा तिकडे बोट दाखवा. बग सर्व्हरचा की ॲपचा हे शोधणं तक्रारदाराचं काम नाही. गिटहबवर एकाच मालकाच्या रिपॉझिटरींमध्ये इश्यू हलवता येतो आणि जुना दुवा नव्या जागी नेतो.

१५. सुरक्षेतली चूक सापडली तर तीही उघड्या ट्रॅकरवर लिहायची?

नाही. दुरुस्ती बाहेर पडेपर्यंत ती बंद दाराआड राहिली पाहिजे. गिटहबवर खासगी कळवण्याची सोय रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते. गिटलॅबमध्ये गोपनीय इश्यू आहेत, बगझिलात ठरावीक गटालाच दिसतील असे बग ठेवता येतात. बाकी ठिकाणी एक ईमेल पत्ता द्या, आणि तो रिपॉझिटरीतल्या ‘सिक्युरिटी’ फाईलमध्ये लिहा. तो मेल किमान दोघांना जायला हवा.

१६. चुकून शेतकऱ्याचा फोन नंबर आणि गट नंबर इश्यूत गेला. खोडला म्हणजे झालं ना?

नाही झालं. गिटहबवर मजकूर बदलला तरी जुना मजकूर ‘एडिटेड’वर टिचकी मारून कुणालाही दिसतो. तिथे जाऊन ती जुनी आवृत्ती वेगळी पुसावी लागते. शिवाय इश्यू पडला त्या क्षणी पाहणाऱ्या सगळ्यांना मेल गेलेला असतो, तो परत आणता येत नाही. लॉग किंवा स्क्रीनशॉट चिकटवण्याआधी नोंदकऱ्यानं नंबर झाकायचा, ही आमच्याकडे एकमेव गोष्ट आहे जिच्यावर चालढकल चालत नाही.

१७. एका ट्रॅकरवरून दुसऱ्यावर जाताना काय काय हरवतं?

सगळ्यात आधी क्रमांक. तुमच्या कमिटमध्ये शंभर ठिकाणी ‘#८७’ लिहिलेलं असतं, आणि नव्या जागी ८७ म्हणजे भलतंच काही. गिटहबवर तर इश्यू आणि पुल रिक्वेस्टना एकच क्रमांकमालिका, त्यामुळे वेगवेगळ्या मालिका असलेल्या ट्रॅकरवरून आलात तर जुळणारच नाही. मग माणसं. एपीआयनं घातलेले इश्यू बहुधा घालणाऱ्याच्याच नावावर दिसतात. आमच्या जुन्या तीनशे इश्यूंवर एकाच मित्राचं नाव आहे. त्याला अजून लोक ‘तुम्हीच एवढ्या तक्रारी केल्यात का’ म्हणून विचारतात. मग चिकटवलेल्या फाईली, आणि ‘हा बग त्या बगमुळे अडलाय’ अशी नाती.

गिटहबवरून फोर्जेजोवर जाणं त्या मानानं सुखाचं आहे. इश्यू, लेबलं, प्रतिक्रिया क्रमांकांसकट येतात. उलट दिशेनं तितकं सोपं नाही. पायथननं जुना ट्रॅकर फक्त वाचण्यापुरता चालू ठेवला आणि जुन्या क्रमांकांना ‘बीपीओ’ हा उपसर्ग कायम ठेवला. छोट्या गटाला हीच युक्ती परवडते: जुनं गोठवा, नवं शून्यापासून सुरू करा, आणि उघडे असलेलेच इश्यू हातानं हलवा. आम्ही तिसऱ्या वेळी तेच केलं. उघडे ६१ होते, हलवताना वाचले तेव्हा त्यातले निम्मे आधीच सुटलेले निघाले.

म्हणून निवडतानाच, भरवण्याआधी, दहा खोटे इश्यू घालून ते बाहेर काढून पाहा. आत शिरायचा दरवाजा सगळेच मोठा ठेवतात.

१८. ज्यानं खातं काढलं तो नोकरीला पुण्याला गेला. आता?

तो फोन उचलत असेल तर आजच संस्थेच्या नावाचं खातं काढायला लावा आणि रिपॉझिटरी त्यात हलवा. मालक म्हणून किमान दोघे ठेवा, शक्यतो एकाच घरातले किंवा एकाच ऑफिसातले नकोत. दुहेरी पडताळणीचे परत मिळवण्याचे कोड कागदावर छापून ठेवा. आमच्याकडे फोन पाण्याच्या टाकीत पडल्यामुळे एका मालकाचं खातं तीन आठवडे बंद होतं. दुसरा मालक होता म्हणून निभावलं.

फोन उचलत नसेल तर रिपॉझिटरीची नक्कल घेऊन नव्यानं सुरुवात करावी लागते. अशा फोर्कमध्ये इश्यू येत नाहीत. प्रश्न ८ मधली रविवारची फाईल तेव्हा उपयोगी पडते.

१९. आमचा प्रकल्प सिंहस्थापुरताच आहे, नंतर बंद. मग ट्रॅकर कशाला निवडत बसायचं?

निवडण्यात वेळ घालवू नका, गिटहबवरचं तयार पान वापरा. पण बंद करताना घाई करू नका. नाशिकचा सिंहस्थ बारा वर्षांनी येतो. २००३ च्या सिंहस्थात गिटच जन्मलं नव्हतं, ते २००५ चं. पुढच्या सिंहस्थाच्या वर्षी, २०१५ मध्ये, कोड ठेवायची दोन संकेतस्थळं हलली: गिटोरियस बंद झालं आणि गुगल कोडनं गाशा गुंडाळायला घेतला, जानेवारी २०१६ मध्ये तेही संपलं. आज आपण ज्यावर लिहितोय ते पुढच्या वेळी असेल असं धरून चालू नका. पर्वणीच्या दिवशी कुठल्या घाटाजवळ नकाशा चुकला, कुठल्या पार्किंगची माहिती उशिरा बदलली, नेट अडकल्यावर ॲपनं काय केलं, हे कोडमध्ये दिसत नाही, इश्यूंतच असतं. आणि पुढच्या वेळी करणाऱ्यांना तेच हवं असेल.

म्हणून शेवटच्या आठवड्यात सगळे इश्यू जेसनमध्ये आणि वाचता येतील अशा साध्या मजकुरातही उतरवा, फोटोंसकट रिपॉझिटरीच्याच एका फोल्डरमध्ये कमिट करा, आणि मगच रिपॉझिटरी ‘आर्काइव्ह’ करा. आर्काइव्ह केल्यावर ती फक्त वाचता येते, काही घालता येत नाही, त्यामुळे क्रम उलटा करू नका.